मिरीचा वेल लावताना: फांदी निवडण्यापासून दाणा वाळवण्यापर्यंत

काळी, पांढरी, हिरवी आणि लाल मिरी अशी नावे ऐकली की नवख्या माणसाला ही चार वेगवेगळी झाडे वाटतात. झाड एकच आहे आणि तो वेल आहे. शास्त्रीय नाव पायपर नायग्रम. दाणा वेलावरून केव्हा उतरवला आणि उतरवल्यावर त्याचे काय केले, यावर त्याचा रंग ठरतो. हा वेल मूळचा पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातल्या पावसाळी जंगलांतला. उंच झाडांच्या गाळीव उन्हात, पाचोळ्याने झाकलेल्या भुसभुशीत जमिनीत पाय रोवायचे आणि शेजारच्या खोडाला धरून वर चढायचे, ही त्याची जगण्याची रीत. आज व्हिएतनाम, ब्राझील, इंडोनेशिया, मलेशिया, श्रीलंका अशा कितीतरी देशांत त्याच्या बागा आहेत, पण वेलाच्या सवयी त्या जंगलातल्याच राहिल्या आहेत.

या लेखात फांद्यांची ओळख, पाण्याचा निचरा आणि दाणे वाळवणे या तीन गोष्टींना मी मुद्दाम जास्त जागा दिली आहे. पहिल्यांदा मिरी लावणाऱ्याचे नुकसान होते ते बहुतेक याच तीन ठिकाणी. खताचा डोस थोडा चुकला तर पुढच्या वर्षी सुधारता येतो. कलमासाठी चुकीची फांदी घेतली तर तीन-चार वर्षे गेल्यावर कळते.

पहिली पायरी: जागा चालेल का ते बघा

मिरीला उष्ण आणि दमट हवा लागते. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण २० अंश अक्षांशांपर्यंतचा पट्टा तिला मानवतो. तापमान १० अंशांच्या खाली फारसे जाऊ नये आणि ४० च्या वर चढू नये. २५ ते ३० अंशांच्या आसपास वेल सर्वांत खुशीत वाढतो. वर्षाला २,००० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस असेल तर उत्तम. पाऊस कमी असेल तर पाणी देऊन भागवता येते, पण हवा कोरडी असेल तर पाणी देऊनही पाने करपतात. समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीपर्यंत वेल येतो. धुके, दव यांचे त्याला काही वाटत नाही, मात्र पाणी गोठवणारी थंडी त्याला मारते.

जमीन किंचित आम्लधर्मी, म्हणजे सामू ५.५ ते ६.५ च्या दरम्यान, आणि सेंद्रिय द्रव्याने भरलेली हवी. याहून महत्त्वाचे म्हणजे तिच्यात पाणी साचता कामा नये. मिरीला भरपूर पाऊस आवडतो आणि मुळांशी थांबलेले पाणी अजिबात सोसत नाही. या वेलाचा सगळा नाजूकपणा या एका गोष्टीत आहे. लावणीपूर्वी जागेवर हातभर खोल खड्डा खणून पाण्याने भरा. काही तासांत पाणी जिरले तर जागा चांगली. दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात पाणी दिसले तर तिथे वेल लावू नका, किंवा मातीचा चांगला उंच वरंबा करून त्यावर लावा. मध्यम उताराची जमीन म्हणूनच मिरीला मानवते. उतारावरही दुपारनंतरचे कडक ऊन थेट पडते तो भाग टाळावा.

दुसरी पायरी: फांद्या ओळखायला शिका

कुठल्याही जुन्या वेलापाशी जाऊन दहा मिनिटे नीट उभे राहा. एकाच वेलावर तुम्हाला वेगवेगळ्या स्वभावाच्या फांद्या दिसतील.

पहिली चढती फांदी. ही सरळ वर जाते. तिच्या प्रत्येक सांध्याला बारीक, चिकटणारी मुळे फुटतात आणि त्यांनी ती खोडाला घट्ट धरून ठेवते. हा वेलाचा मुख्य कणा. दुसरी फळफांदी. चढत्या फांदीच्या सांध्यातून ती आडवी बाहेर येते, तिला आधार धरणारी मुळे नसतात, आणि घोस फक्त तिच्यावरच धरतात. पानाच्या समोरच्या बाजूने घोस लोंबताना दिसला की ती फळफांदी समजा. तिसरी धावती फांदी. ही वेलाच्या बुंध्यातून निघते आणि जमिनीवर लांब सरपटत जाते, जागोजागी मातीत मुळे सोडते. चौथी लोंबती फांदी. आधार संपला की वरून खाली सुटते, हवेत झुलत राहते आणि वेलाचे अन्न फुकट खाते.

आता यातली कुठली फांदी कापून लावाल, तसे झाड मिळेल. धावत्या किंवा चढत्या फांदीचे कलम केले तर वर चढणारा वेल मिळतो. फळफांदीचे कलम केले तर ते कधीच चढत नाही. त्याचे झुडूप होते आणि कुंडीत बसते. लोंबत्या फांदीचे कलम रुजते, पण त्याचा वेल उशिरा आणि कमी फळतो, म्हणून ते टाळतात. रोपे विकत घेताना हा प्रश्न जरूर विचारा: कलम कुठल्या फांदीचे आहे? उत्तर मिळाले नाही तर दुसरीकडून घ्या.

बियांपासून रोपे होतात, पण ती मातृवेलासारखी निघतीलच असे नाही आणि फळायला बरीच जास्त वर्षे घेतात. स्वयंपाकघरातली वाळलेली मिरी पेरून तर काहीच उगवत नाही. वाळवताना बियांची उगवण्याची ताकद निघून जाते.

तिसरी पायरी: कलम तयार करा

मातृवेल निरोगी, दरवर्षी भरपूर फळणारा आणि वयाने साधारण ५ ते १२ वर्षांचा निवडा. त्याच्या धावत्या फांद्या मातीत रुजू देऊ नका. वेलाशेजारी एक काठी रोवून तिच्याभोवती त्या गुंडाळून ठेवा. पाऊस सुरू होण्याच्या तीनेक महिने आधी त्या कापा. शेंड्याकडचा कोवळा भाग कुजतो आणि बुंध्याकडचा जून भाग रुजायला कंटाळतो, म्हणून मधला एकतृतीयांश भाग घ्या. त्याचे दोन-तीन डोळ्यांचे तुकडे करा. पान कापताना देठ राहू द्या. देठाला धक्का लागला तर बगलेतला डोळा दुखावतो.

माती दोन भाग, वाळू एक भाग आणि चांगले कुजलेले शेणखत एक भाग असे मिश्रण पिशवीत भरा. त्यात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळली तर मूळकुजीपासून बराच बचाव होतो. पिशवीला तळाशी भोके हवीतच. एक डोळा मातीखाली आणि एक तरी वर राहील असा तुकडा लावा. पिशव्या सावलीत ठेवा आणि माती ओलसर ठेवा, चिखल नको. वरून प्लास्टिकचा बुटका बोगदा केला तर हवेतला ओलावा टिकतो आणि मुळे लवकर धरतात. दोन-तीन महिन्यांत चार-पाच पानांची रोपे लावणीला तयार होतात.

जातीबद्दल थोडक्यात. केरळमधल्या पन्नियूर संशोधन केंद्राने दिलेली पन्नियूर-१ ही जात लांब घोस आणि टपोऱ्या दाण्यांसाठी ओळखली जाते, पण तिला ऊन भरपूर लागते; दाट सावलीत ती निराश करते. करीमुंडा ही जुनी जात सावलीत चांगली तग धरते, दाणा मात्र लहान. मलेशियात कुचिंग, इंडोनेशियात लाम्पुंग भागातल्या जाती लावतात. तुमच्या भागात जी जात आधीपासून चांगली फळते आहे तिच्यापासून सुरुवात करा. शक्य असेल तर दोन जाती मिसळून लावा, म्हणजे एक रोग आला तर सगळी बाग एकदम जात नाही.

चौथी पायरी: आधार

आधार दोन प्रकारचे, जिवंत आणि निर्जीव. जिवंत आधाराला खरखरीत सालीचे, सरळ वाढणारे, खोलवर मुळे जाणारे झाड हवे. पांगारा, गिरिपुष्प, सिल्व्हर ओक ही नेहमीची झाडे. नारळ, सुपारी, फणस, आंबा यांच्यावरही वेल छान चढतो. ज्यांची साल सोलून गळते ती झाडे नकोत, कारण सालीबरोबर वेलही खाली येतो. नवीन आधार लावायचा असेल तर तो वेलाच्या निदान एक वर्ष आधी लावा.

निर्जीव आधार म्हणजे लाकडी किंवा सिमेंटचे खांब. मलेशियातल्या सारावाकमध्ये वर्षानुवर्षे न कुजणाऱ्या बेलियान लाकडाचे खांब वापरत आले आहेत. खांबावर वेलाला अन्नासाठी स्पर्धा नसते, त्यामुळे उत्पादन जास्त येते. पण सावली नसल्याने पाणी आणि खत चोख द्यावे लागते आणि वेल लवकर थकतो. नवख्याने जिवंत झाडापासूनच सुरुवात करावी असे मला वाटते. झाडाची सावली, गळलेली पाने आणि मातीतला ओलावा तुमच्या बऱ्याच चुका पोटात घालतात.

पाचवी पायरी: लावणी

पावसाची पहिली झड पडून माती भिजली की लावणी करा. सपाट जमिनीवर दोन आधारांत ३ मीटर अंतर पुरते. खोडापासून सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर ५० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. उत्तर गोलार्धात तो आधाराच्या उत्तर बाजूला घ्यावा, म्हणजे कोवळ्या वेलाला दिवसभर खोडाची सावली मिळते. दक्षिण गोलार्धात याच कारणाने दक्षिण बाजू. नारळाच्या बुंध्याशी मुळांची दाट जाळी असते, तिथे खड्डा खोडापासून मीटरभर दूर घ्या आणि वेल थोडा जमिनीवरून नेऊन मग खोडावर चढवा.

खड्ड्यात वरच्या थराची माती, चार-पाच किलो कुजलेले खत आणि थोडी निंबोळी पेंड घाला. एका आधाराला दोन-तीन रोपे लावा. निदान एक सांधा मातीखाली जायला हवा. लावून झाल्यावर बुंध्याशी मातीची उतरती भर द्या, पाणी बाहेरच्या बाजूला वाहून गेले पाहिजे. खड्ड्याच्या जागी खोलगट आळे राहिले तर पावसात त्याचे डबके होते, आणि वेल जातो तो तिथूनच. फळझाडांना आळे करायची सवय हाताला असते, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते.

वेलाला वळण

शेंडा वाढू लागला की दर काही दिवसांनी त्याला मऊ दोरीने आधाराला सैल बांधा. सांध्याची मुळे खोडाला टेकली पाहिजेत. टेकली की ती आपोआप धरतात आणि मग दोरीची गरज उरत नाही. वेल नुसताच उंच जात असेल आणि बाजूला फळफांद्या फुटत नसतील तर शेंडा खुडा. खालचे डोळे जागे होतात, दोन-तीन नवे शेंडे फुटतात आणि वेल तळापासून भरगच्च होतो. पहिल्या दोन वर्षांत हे धाडस केले नाही तर वेल खाली उघडा आणि फक्त डोक्यावर हिरवा राहतो.

पुढे दरवर्षी लोंबत्या फांद्या कापून टाका. जमिनीवरच्या धावत्या फांद्या एकतर कलमांसाठी काठीला गुंडाळा किंवा काढा, कारण पावसाच्या थेंबांबरोबर मातीतला रोग आधी त्यांच्यावर उडतो. वेल ५ ते ६ मीटरच्या वर जाऊ देऊ नका. त्याहून उंचावरचे घोस काढणे धोक्याचे होते. जिवंत आधाराच्या फांद्या पावसाळ्यापूर्वी छाटा. उजेड आत येतो, ओल लवकर सुकते आणि छाटलेला पाला आच्छादनाला होतो.

पाणी आणि खत

कोवळ्या वेलांना पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी आणि सावली दोन्ही हवे. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडून भोवती पाल्याचे जाड आच्छादन करा. मिरीची खाणारी मुळे जमिनीच्या अगदी वरच्या थरात असतात, म्हणून बुंध्याशी कुदळ चालवू नका. तण हाताने उपटा. मुळाला झालेली प्रत्येक जखम रोगाला आत घेते.

खतात शेणखत किंवा कंपोस्ट मुख्य: मोठ्या वेलाला वर्षाला १० किलो. रासायनिक खत द्यायचे असेल तर तीन वर्षांवरच्या वेलाला वर्षाला ५० ग्रॅम नत्र, ५० ग्रॅम स्फुरद आणि १५० ग्रॅम पालाश ही सर्वसाधारण मात्रा आहे. पहिल्या वर्षी याच्या एकतृतीयांश, दुसऱ्या वर्षी दोनतृतीयांश. पालाश तिप्पट आहे हे लक्षात घ्या; घोस भरतात ते त्याच्यावर. माती परीक्षण केले असेल तर त्याप्रमाणे बदला. वर्षाची मात्रा दोन हप्त्यांत, माती ओली असताना, बुंध्यापासून ३० सेंटिमीटर दूर पसरून द्या. माती फार आम्ल असेल तर एक वर्षाआड चुना द्यावा लागतो.

रोग: यात उशीर चालत नाही

मिरीचा सर्वांत मोठा शत्रू फायटोफ्थोरा, मातीत राहणारा बुरशीसारखा सूक्ष्मजीव. याच्या रोगाला द्रुत मर म्हणतात, आणि नावाप्रमाणे तो वेगाने मारतो. संततधार पावसात पानांवर काळसर डाग दिसतात; त्यांच्या कडा झालरीसारख्या पसरत जातात. बुंध्याची साल काळी पडते, आतून दुर्गंधी येते, पाने हिरवी असतानाच गळतात आणि दोन-तीन आठवड्यांत हिरवागार वेल वाळून जातो. पाने माना टाकतात तेव्हा बुंधा आधीच गेलेला असतो, म्हणून उपचार पावसाच्या आधी करायचे असतात.

एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी पाऊस सुरू होण्यापूर्वी एकदा आणि पावसाच्या मध्यावर उघडीप बघून पुन्हा करावी. त्याच वेळी बुंध्याशीही ते ओतावे. १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. मोरचूद ५० लिटर पाण्यात वेगळे विरघळवा, चुना ५० लिटरमध्ये वेगळा, आणि मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळा. भांडे प्लास्टिकचे घ्या. स्वच्छ लोखंडी सुरी मिश्रणात बुडवून काढा. पात्यावर तांबूस थर दिसला तर आणखी चुना लागेल. मिश्रण त्याच दिवशी संपवा. हातमोजे आणि तोंडाला फडके हवेच. ट्रायकोडर्मा आणि बोर्डो मिश्रण एकाच वेळी मातीत देऊ नका, तांब्याने ती उपयोगी बुरशी मरते. मध्ये महिनाभर तरी जाऊ द्या. मेलेला वेल मुळांसकट काढून जाळा आणि त्या खड्ड्यात लगेच नवा लावू नका.

दुसरी मंद मर. यात पाने पिवळी पडतात, पाऊस आला की वेल सावरल्यासारखा वाटतो, पुढच्या उन्हाळ्यात आणखी उतरतो आणि काही वर्षांत जातो. मुळे उकरून बघितली तर सूत्रकृमींच्या (मुळांत शिरणाऱ्या अतिसूक्ष्म कृमींच्या) गाठी किंवा कुजलेली टोके दिसतात. निंबोळी पेंड, सेंद्रिय खत आणि निरोगी रोपे हाच यावर खरा इलाज.

तिसरा त्रास पोलू भुंग्याचा. दाट सावलीच्या बागेत जास्त. अळी दाणा आतून पोखरते. बाहेरून काळा, आतून पोकळ, बोटाने दाबला की चुरा होतो. आधाराच्या फांद्या छाटून उजेड आत आणला की याचे प्रमाण बरेच उतरते.

फुलणे आणि फळणे

तिसऱ्या-चौथ्या वर्षी वेल फळू लागतो, सात-आठ वर्षांनी भरात येतो आणि चांगली निगा असेल तर वीस वर्षांहून अधिक काळ देत राहतो. थोडे दिवस कोरडे जाऊन पाऊस पडला की नवी पालवी येते आणि तिच्याबरोबर घोस. फुले पाकळ्या नसलेली, अतिशय बारीक. जंगली मिरीत नर आणि मादी वेल वेगळे असतात. लागवडीच्या जातींत बहुतेक फुले द्विलिंगी असतात, त्यामुळे एकटा वेलही फळतो. घोसावरून ओघळणारे पावसाचे पाणी परागकण खालच्या फुलांपर्यंत पसरवायला मदत करते. म्हणूनच घोस आल्यावर पावसाने मोठी दडी मारली तर दाणे विरळ भरतात. अशा वेळी पाण्याचा फवारा मारण्याचे कष्ट वाया जात नाहीत.

फूल ते पक्का दाणा सहा ते आठ महिने. घोसावरचा एखाद-दुसरा दाणा नारिंगी-लाल झाला की काळ्या मिरीसाठी तो घोस तयार. सगळे घोस एकदम पिकत नाहीत, दोन-तीन वेळा फिरावे लागते. शिडी धातूची असेल तर जवळून विजेची तार जात नाही ना हे आधी बघा. घोस काढताना फळफांदी ओढू नका. ती तुटली तर तिथला पुढच्या वर्षाचा घोसही गेला.

वाळवणे: मेहनत इथे दिसते

घोसांपासून दाणे मोकळे करा. थोडे असतील तर हाताने चोळून, जास्त असतील तर मळणी यंत्राने. मग एक पायरी बरेच जण गाळतात, ती गाळू नका: दाणे जाळीच्या टोपलीत घालून उकळत्या पाण्यात एक मिनिट बुडवा आणि बाहेर काढा. सालीतल्या पेशी फुटतात, आतली विकरे (एन्झाइम) आणि फिनॉल द्रव्ये हवेतल्या ऑक्सिजनला भेटतात आणि दाणा सगळीकडून सारखा काळा होतो. वरची धूळ आणि जंतूही बरेच जातात, आणि वाळायला वेळ कमी लागतो. मिनिटापेक्षा जास्त वेळ ठेवू नका. उकळलेली मिरी काळी पडण्याऐवजी तपकिरी राहते, कारण विकरेच निकामी होतात.

आता स्वच्छ चटईवर किंवा ताडपत्रीवर पातळ थर पसरा. उघड्या जमिनीवर कधीच नको. माती, जनावरांची विष्ठा आणि बुरशी तिथूनच येतात. दिवसातून तीन-चार वेळा हात फिरवा, संध्याकाळी गोळा करून झाका, दवात राहू देऊ नका. कडक उन्हात तीन ते पाच दिवस लागतात. ओलावा १० ते ११ टक्क्यांवर आला पाहिजे. यंत्र नसेल तर दाणा दाताखाली धरा: वाळलेला कडकन फुटतो, ओला चेपतो. अर्धवट वाळलेली मिरी डब्यात भरली की बुरशी धरते आणि मग ती फेकण्याशिवाय इलाज नसतो.

१०० किलो ओल्या दाण्यांतून ३३ किलोच्या आसपास काळी मिरी मिळते. पाखडून पोचट दाणे, देठ आणि कचरा काढा. प्रत ओळखायची सोपी रीत व्यापारात आहे ती लिटरच्या वजनाची. लिटरभर मापात दाणे भरून तोला. ५५० ग्रॅम किंवा जास्त भरले तर दाणा भरीव आहे.

पांढऱ्या मिरीसाठी घोस पूर्ण लाल होऊ द्या. दाणे पोत्यात भरून वाहत्या पाण्यात सात-आठ दिवस ठेवा. वाहते पाणी नसेल तर रोज बदला. साल मऊ झाली की चोळून धुऊन काढा आणि आतला दाणा दोन-तीन दिवस उन्हात वाळवा. साचलेल्या पाण्यात ठेवलेल्या मिरीला गोठ्यासारखा वास लागतो आणि तो पुढे कशानेही जात नाही. उतारा कमी, १०० किलोंतून सुमारे २५ किलो. हिरवी मिरी म्हणजे कोवळे, आत अजून टणक न झालेले दाणे. ते मिठाच्या पाण्यात ठेवतात किंवा गोठवतात. पिकलेला लाल दाणा तसाच वाळवला तर लाल मिरी, थोडी गोडसर. मात्र गुलाबी मिरी म्हणून जे हलके दाणे मिळतात ते शायनस नावाच्या निराळ्याच झाडाचे असतात.

जागा नसेल तर कुंडी

फळफांदीचे तीन-चार डोळ्यांचे तुकडे घ्या, टोकाला मूळ फुटवणारी भुकटी लावा आणि दमट, सावलीच्या जागी लावा. ही कलमे धावत्या फांदीपेक्षा हट्टी असतात, बरीच मरतात. म्हणून जरा जास्तच लावा. रुजलेले रोप बादलीएवढ्या कुंडीत चांगल्या निचऱ्याच्या मातीत लावा आणि सकाळचे कोवळे ऊन मिळेल तिथे ठेवा. वर्ष-दोन वर्षांत घोस येतात. एखादा शेंडा चढू लागला तर कापून टाका. द्रुत मरीचा त्रास असेल तिथे पायपर कोलुब्रिनम या दक्षिण अमेरिकेतल्या भाऊबंदाच्या खुंटावर मिरीचे कलम बांधतात. त्याची मुळे हा रोग सहन करतात आणि ओलही सोसतात.

साठवण आणि वापर

मिरीचा तिखटपणा दाण्यातल्या पायपरिन या द्रव्यामुळे. हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने १८१९ साली ते वेगळे केले. हाच माणूस पुढे वीज आणि चुंबक यांचे नाते दाखवून प्रसिद्ध झाला. वास मात्र पायपरिनचा नाही, तो दाण्यातल्या उडून जाणाऱ्या तेलाचा. हा फरक कळला की वापराचे सगळे नियम आपोआप कळतात. तेल उडते, म्हणून मिरी अखंड ठेवा आणि लागेल तेव्हाच कुटा. पायपरिन उजेडाने बदलते आणि तिखटपणा उतरतो, म्हणून बरणी अंधारात हवी. शिजवताना आधी घातली तर तिखटपणा मुरतो आणि वास जातो. वास हवा असेल तर शेवटी, गॅस बंद करताना घाला. दोन्ही हवे असेल तर अर्धी आधी, अर्धी नंतर. भरड कुटलेली जिभेवर मधूनमधून लागते, बारीक पूड सगळीकडे सारखी पसरते. पांढऱ्या मिरीत सालीतले तेल नसल्याने वास निराळा आणि कमी. फिक्या रंगाच्या पदार्थात काळे ठिपके नको असतील तिथे ती कामाची.

विकत घेतलेल्या मिरीत पपईच्या वाळलेल्या बिया मिसळलेल्या सापडतात. त्या लांबट अंडाकृती असतात, मिरी गोल. संशय आला तर पाण्यात टाकून बघा: भरीव मिरी तळाशी जाते, पपईची बी तरंगते. पोचट मिरीही तरंगते, म्हणून तरंगलेला दाणा फोडून वास घ्या. मिरीचा वास लपत नाही.

आयुर्वेदात सुंठ, मिरी आणि पिंपळी मिळून त्रिकटू होते. पिंपळीही याच कुळातली, आणि विड्याच्या पानाची नागवेलही. पायपरिनमुळे हळदीतले कर्क्युमिन शरीरात जास्त शोषले जाते हे प्रयोगांत दिसले आहे. त्याच कारणाने ते काही औषधांचेही रक्तातले प्रमाण वाढवू शकते. जेवणातल्या चिमूटभर मिरीने काळजीचे कारण नाही, पण पायपरिनच्या गोळ्या किंवा मिरीचे दाट काढे रोज घ्यायचे असतील आणि रक्त पातळ करणारी, फिटची किंवा दुसरी कुठली कायमची औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.